बापाच्या नावची मूद

कामतघरच्या चाळीत, तळमजल्याच्या शेवटच्या खोलीत, रोज सकाळी मूठभर तांदळाचा भात शिजायचा. तो रांधणाऱ्या मैनाने मात्र त्यातलं एक शीतही जिभेवर ठेवलं नव्हतं. चौतीस वर्षं.

व्रत तसं तिचं नव्हतं, आईचं होतं. एकाहत्तरची लढाई संपली, गेलेली माणसं परत आली, आणि आपला नवरा काही येईना, तेव्हा ठकूबाईने देवापुढे बोलून टाकलं होतं, तो घरी येईपर्यंत तांदूळ सोडला. भाताच्या मुलखात राहून तांदूळ सोडायचा म्हणजे काय ते बाहेरच्याला कळायचं नाही. भात नाही, पेज नाही, तांदळाची भाकरी नाही. लग्नाच्या पंगतीत आपल्यापुढे वाढायला येण्याआधी काहीतरी निमित्त काढून उठायचं. शिवाय रोज त्याच्या नावची एक मूद करायची, ताट दाराकडे तोंड करून मांडायचं, हात जोडून घटकाभर थांबायचं. नाहीच आला तर दारात पहिला जो दिसेल त्याला ते जेवू घालायचं. वीस वर्षं आईने केलं, आधी गावात, मग कामतघरला येऊन. जाताना बावीस वर्षांच्या मैनाला म्हणाली, "मूद चुकवू नको गो. तो आला आन ताट नसलं, तर काय म्हनंल?"

मैनाचं लग्नही 'बापूस आल्यावर बघू' म्हणता म्हणता राहूनच गेलं. पोट भरण्यापुरतं यंत्रमागाच्या, म्हणजे लूमच्या, कांड्यांवर सूत भरून मिळत होतं. सोमवार, चतुर्थी, एकादशी, संध्याकाळी वऱ्हाळदेवीच्या देवळात दिवा, असा तिचा दिवस भरलेला असायचा. तरी ताट मांडून हात जोडले, की त्या घटकाभरात खोली फार मोठी वाटायची.

एरवी रात्रपाळी संपवून परतणारे लूमवाले दारातच असायचे.

"चाची, आज मेरा नंबर है."

"नंबर कसला? जो पहिला आया, उसका."

"फिर ये अकरम तो आपकी पायरी पे ही सोएगा कल से!"

ती हसायची आणि ताट पुढे करायची. पण तो शुक्रवार होता, पितृपक्षातला. शुक्रवारी लूम बंद. आठवडाभर कानांत बसलेली खडखड थांबली, की कामतघरात शेजारच्या घरातलं भांडं पडलेलंही ऐकू येतं. दहा वाजले तरी दारात कोणी फिरकलं नव्हतं. ताटावर झाकण घालून मैना उंबऱ्याशी उभी राहिली.

तेवढ्यात मोटरसायकल थांबली. पंचेचाळिशीचा, ताठ पाठीचा, खांद्याला प्लास्टिकची फाइल अडकवलेला माणूस उतरला.

"मैना केणे इथंच राहतात का?"

"मीच. आधी जेवून घ्या."

तो गडबडला. "नाही हो ताई, मी जेवायला नाही आलो."

"कशाला का येईना. आज दारात पहिले तुम्ही आलात. तुम्ही नाही जेवलात तर मलाही काही खाता यायचं नाही."

मग तो मुकाट्याने हातपाय धुऊन बसला. लष्करातला माणूस असावा हे तिला त्याच्या जेवण्यावरूनच कळलं. भराभरा, न बोलता, आणि ताट असं लख्ख की विसळायलाही काही उरू नये. पाणी पिऊन तो म्हणाला, "मी देवेश. फौजेत क्लार्क होतो, तीन वर्षांपूर्वी रिटायर झालो. आपल्या तालुक्यातले जे जवान लढायांत गेले, त्यांची यादी करतोय. कोण कुठे लढला, कसा गेला, घरचं आता कोण हयात आहे. कुणी सांगितलेलं नाही, मीच करतोय. रेकॉर्ड ऑफिसला पत्रं घालतो, मग गावोगाव हिंडतो."

मैनाचे हात ताटावरच थांबले. "मग माझ्या वडलांचं निघालं का काही? बाबू केणे. मी तीनदा लिहिलं होतं सरकारला. तिन्ही वेळा एकच उत्तर आलं, या नावाचा जवान सैन्यात नव्हताच."

"तेच तर," देवेश म्हणाला. "माझ्या यादीतही बाबू केणे नाही. माझ्या यादीत आहे केसरीनाथ हरी केणे, गाव पिंपळपाडा. दहा डिसेंबर एकाहत्तरला गेले, पूर्वेच्या आघाडीवर."

मैनाला हसू आलं. "अहो, केसरीकाका? ते कसे जातील? माझ्या वडलांचे चुलतभाऊ ते. ब्याऐंशी वर्षांचे आहेत. दर माघात पोतंभर नवा तांदूळ आणून देतात मला, मुदीसाठी."

"भेटलो मी त्यांना. गावात विचारलं तर पारावरचे सगळे हसायला लागले. म्हणाले, साहेब, तुमचा शहीद तो बघा दोरी वळत बसलाय. ते स्वतः म्हणाले, सरकारची चूक असेल, आणि उठून आत गेले." देवेशने फाइल उघडली. "मीही सोडून देणार होतो. पण मग हे बघितलं. जवानाच्या कागदावर बायकोचं नाव असतं."

त्याने कागद तिच्यापुढे धरला. मैनाला चष्म्याशिवाय दिसेना, तशी त्याने वाचलं. "पत्नी, ठकूबाई. काकांच्या मंडळींचं नाव तर गोदूबाई. दुकानात विचारलं, गावात ठकूबाई केणे कोण होती. ते म्हणाले, ती बाबूची बायको, वारली, मुलगी कामतघरला असते. अजून एक आहे. ओळखीची खूण, उजव्या भुवईवर जुनी जखम."

बैलाचं शिंग लागलं होतं. आई सांगायची, थोडं खाली असतं तर डोळाच गेला असता, म्हणून तो हसला की एक भुवई वर जायची. मैनाला बापाचा चेहरा ठाऊक नव्हता. ती दोन वर्षांची असताना तो लढाईवर गेलेला. घरात त्याचा फोटो नव्हता. ती एक भुवई तेवढी तिच्याजवळ होती.

तिने नकळत आपल्या उजव्या भुवईवरून बोट फिरवलं. बाहेर कुणाच्या तरी नळाची धार बादलीत पडत होती.

"दुसऱ्याच्या शाळेच्या दाखल्यावर भरती होत असत त्या काळी," देवेश हळूच म्हणाला. "सातवी पास लागायचं. ताई, हे सिद्ध झालं तर तुमच्या आईच्या पेन्शनचंसुद्धा..."

"ते राहू द्या," मैना म्हणाली. "दहा डिसेंबरला तिथी कोणती होती, ते निघेल का?"

देवेशने फोनमध्ये जुनं पंचांग शोधलं. मार्गशीर्ष वद्य अष्टमी.

आईचं पान मैना दर पितृपक्षात अविधवा नवमीला टाकायची. सवाष्ण गेलेल्या बाईचा तो दिवस. बापाचं पान कधीच टाकलं नव्हतं. जिवंत माणसाचं पान टाकायचं कसं? आता त्याला तिथी मिळाली, ती नेमकी आईच्या आदल्या दिवसाची. आणि ती अष्टमी परवावर आली होती.

शनिवारी सकाळी मूद अकरमच्या हाती देऊन मैना निघाली. रिक्षाने स्टँड, तिथून एसटीने अंबाडी. रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोदामांचे निळे पत्रे, आणि मध्येच कुठे उरलेला भाताचा तुकडा, पोटरीला आलेला. अंबाडीच्या नाक्यावर तिने काकांसाठी केळी घेतली. सवयीने. पिशवीत टाकल्यावर तिला वाटलं, आज कशाला घेतली आपण. पण परत केली नाहीत.

पिंपळपाड्यात केसरीनाथ ओटीवर दोरी वळत बसला होता. तिला बघून वळणारे हात थांबले. पितृपक्षात ती कधी येत नसे.

आतून गोदूबाई बाहेर आली. "आली का आमची उपाशी पोर! आज भाकरी कशाची करू बाय तुला? नाचनी हाय घरात, घाबरू नको."

"बसा काकी तुम्ही पण," मैना म्हणाली, आणि पदर नीट करून ओटीच्या खालच्या पायरीवर टेकली. तिचा आवाज मुळातच लहान. कांड्या भरताना शेजारणी म्हणायच्या, तुझं बोलणं ऐकायला लूम बंद करायला लागेल. त्याच आवाजात तिने विचारलं, "काका, बापूस तुमच्या दाखल्यावर गेला होता का?"

म्हाताऱ्याने दोरीचा पीळ सोडला नाही.

"मी जायचा होता," तो म्हणाला. "भरतीवाले ठाण्याला आलेले. बासष्टच्या लढाईच्या नंतरची गोष्ट. बाबूला आईबाप न्हाई, आमच्याच घरात वाढलेला, दुसरीतनं शाळा सोडलेला. माझी सातवी झालेली. बापाने मला सांगितलं, जा. मी रात्रभर झोपलो न्हाई. सकाळी तापच भरला मला भ्यानं. तवा बाबू बोलला, दे तुझा दाखला, मी जातो, तुझ्यापेक्षा छाती चार बोटं मोठी हाय माझी. हसत गेला गो."

"आणि मग?"

"मग काय. तिकडे तो केसरीनाथ झाला, इकडे मी व्हतोच. त्याची पत्रं यायची ती मी वाचून दाखवायचा ठकूला. तिची मी लिवायचा. पाकिटावर माझंच नाव घालायचा. ठकूला अक्षरओळख न्हाई, तिला कधी कळलं न्हाई."

"तार आली होती?"

गोदूबाईने नवऱ्याकडे पाहिलं. "तार? ती हसायची तार?" ती मैनाकडे वळली. "अगो, माझं लग्न होऊन दुसरंच वरीस. पोस्टमन तार घेऊन आला, केसरीनाथ लढाईत मेला म्हनून. आन ह्यो हितं पेज पीत बसलेला! अख्खा गाव हसला. मी तर रागानं पोस्टमनला झाडू दाखवला, माझं कुंकू पुसायला आला मेला! सासऱ्यानं तार परत धाडली, मानूस जिवंत हाय म्हनून. पुढे पोलीसबी येऊन बघून गेला." बोलता बोलता तिचं तोंड उघडंच राहिलं. "अवो. ती तार बाबूभावजींची व्हती?"

केसरीनाथने मान हलवली.

"आन तुम्ही पेज पीत राह्यलात?"

"बाप बोलला, तोंड उघडलंस तर दोघं जेलात जाऊ. खोट्या दाखल्याचा गुन्हा असतो. चार महिने गप राहा, मग सांगू ठकूला. चार महिन्यांनी ठकूने तांदूळ सोडलेला. मग कसं सांगायचं?"

"पंचावन वर्सं!" गोदूबाई उठून उभी राहिली. "पंचावन वर्सं मी मेलेल्याशी संसार केला व्हय! ती बिचारी हितंच बसायची, ह्या पायरीवर. बोलायची, गोदू, तुजं बरं हाय, तुजा घरात हाय. आन तुम्ही आतून ऐकत व्हतात!"

तिने पदर तोंडाला लावला आणि आत निघून गेली. आत भांडं आपटलं.

मैनाने हातातल्या पिशवीचे बंद एकमेकांवर घातले, सोडले, पुन्हा घातले. तिला ओरडायला हवं होतं असं तिला वाटत होतं. पण ओरडायचं कसं ते तिला येत नव्हतं, आणि शिकायला आता उशीर झाला होता.

"आईला तरी सांगायचं होतंत," ती म्हणाली.

"दर वर्साला तांदूळ घेऊन यायचा तवा सांगायचाच म्हनून निघायचा मी. तुमच्या दारात पोचलो की ती ताट मांडून बसलेली असायची, हात जोडून. चाहूल लागली की वळून बघायची, तिचं तोंड बघून मी पोतं उतरवायचा आन निघायचा. ती गेली, मग तू बसलीस. तीच जागा, तसेच हात." तो थांबला. "पोरी, आजपासून सुटलीस तू. जेव. माझ्या घरी भात खाऊन उठ, माझं एवढं ऐक."

आतून शिजत्या भाताचा वास येत होता. गोदूबाईने रागातही चूल विझवली नव्हती. मैनाला तो वास रोजचाच होता, पण आज पहिल्यांदा त्या वासाने तिला भूक लागली. ती खाऊ शकत होती. कोणी अडवत नव्हतं. तिला एवढंच कळत होतं, की हा घास या ओटीवर घेतला तर तो या माणसासाठी होईल, बापासाठी नाही.

"तुमच्या घरी नाही," ती म्हणाली. "उद्या अष्टमी आहे. बापूसचं पान टाकायचंय. पाणी सोडायला रक्ताचा माणूस लागतो. तुमच्याशिवाय आता कोणी उरलं नाही मला." आणि ते खरं होतं. "तुम्ही यायचं. त्याचं नाव घ्यायचं, मोठ्याने. आणि देवेश म्हणतात, तुम्ही लिहून दिलंत तर कागदावरही त्याचं नाव होईल. ते तुमच्यावर आहे."

"जेलात..."

"ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला कोण नेतंय जेलात?"

केळ्यांची पिशवी पायरीवर ठेवून ती निघाली. मागे वळून बघितलं नाही, पण नाक्यापर्यंत तिला दोरी वळल्याचा आवाज ऐकू येतोय असं वाटत राहिलं.

रविवारी तिने पहाटेच आंघोळ करून स्वयंपाकाला हात घातला. भाजणीचे वडे, अळूची भाजी, खीर. पान केळीचं. मग सगळी तयारी झाकून ती उंबऱ्याशी बसली. लूम चालू होते. अकरा वाजून गेले. लूमवाले येऊन गेले, तिने त्यांना सांगितलं, आज थांबा. साडेअकरा झाले. आयुष्यभर तिचं लक्ष याच दाराकडे लागलेलं होतं. न येणाऱ्याची वाट बघण्याची तिला सवय होती. तरीही आजची वाट वेगळी होती. हा माणूस जिवंत होता, रस्ता त्याच्या पायाखालचा होता. तो आला नाही, तर न येणं म्हणजे काय ते तिला पहिल्यांदाच कळणार होतं.

बाराच्या सुमारास गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली. आधी गोदूबाई उतरली, मग तिच्या खांद्यावर हात टेकून केसरीनाथ. धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी.

"शेजारच्या पोराला बोलावून रिक्षा ठरवायला लावली," गोदूबाई दारातूनच म्हणाली. "मी बोलली ह्यांना, पंचावन वर्सं सुट्टी घेतलीव, आता जावा ड्युटीवर."

म्हातारा हसला नाही. त्याने सदऱ्याच्या खिशातून वहीचा घडी घातलेला कागद काढून मैनाच्या हातात दिला. सातवी पास माणसाचं जुनं, टपोरं, काना-मात्रा जपून काढलेलं अक्षर. याच अक्षरात आईची पत्रं गेली असतील. मैनाने चष्मा लावला.

'मी केसरीनाथ हरी केणे, राहणार पिंपळपाडा, लिहून देतो की मी जिवंत आहे. माझ्या नावाने जो लढला तो बाबू गणपत केणे. तो मेला. ठकूबाई त्याची बायको आणि मैना त्याची मुलगी.'

खाली सही होती. मैनाने ती परत परत वाचली. 'मैना त्याची मुलगी' हे कुठल्याही कागदावर तिने याआधी पाहिलं नव्हतं. तिने कागद देवाच्या फळीवर, कुंकवाच्या करंड्याखाली ठेवला. संध्याकाळी देवेश येऊन नेणार होता.

मग केसरीनाथ पानापुढे बसला. पळीतलं पाणी अर्धं मांडीवर सांडत होतं. नाव घ्यायची वेळ आली तेव्हा त्याचे ओठ हलले, आवाज फुटला नाही. बाहेर लूम खडखडत होते.

"मोठ्याने, काका."

"बाबू," तो म्हणाला. मग सगळा छातीतला वारा गोळा करून, गल्लीत ऐकू जाईल असं, "बाबू! बाबू गणपत केणे!" आणि तिथेच पुढे वाकून रडू लागला, लहान मूल रडतं तसा. गोदूबाईने त्याच्या पाठीवर हात ठेवला. मैनाने ठेवला नाही. पण पळी हातातून निसटली होती ती उचलून तिने पुन्हा त्याच्या हातात दिली.

जेवायला ती दोघं बसली, तिने वाढलं. आपल्या पानावर तिने भात घेतला, एक चमचा, वरण न घालता, आणि तोंडात घातला. मऊ होता. चव अशी काही लागली नाही. गोदूबाई तिच्याकडे टक लावून बघत होती, म्हणून ती म्हणाली, "चांगला आहे." केसरीनाथने मान वर केली नाही. निघताना तो दारात थांबला. "माघात नवा तांदूळ आनू ना?" मैनाने क्षणभर विचार केला. "आणा," म्हणाली. तेवढंच.

सोमवारी नवमी. आईचं पान. सगळी रात्र तिच्या मनात होतं, आता आई सवाष्ण कशी? बाप गेल्यावर ती वीस वर्षं जगली. मग तिने पान मांडलं ते नेहमीसारखंच, हिरव्या बांगड्या, हळदकुंकू, गजरा घालून. आईने एक दिवसही कुंकू पुसलं नव्हतं. आता ते तिच्या कपाळावरून पुसणारी मैना कोण?

मंगळवारी दशमी होती. कुणाचंच पान नव्हतं.

सकाळी सवयीने तिचा हात डब्यात गेला, मूठ भरली, तांदूळ धुतले, चढवले. शिजल्यावर मूद पाडली. ताट दाराकडे तोंड करून मांडलं, हात जोडले, आणि मग तिच्या लक्षात आलं, की आता कोणाची वाट बघायची नाही. व्रत पुरं झालं होतं. ते पुरं झाल्यावर काय करतात, ते आईने सांगितलं नव्हतं.

दारात अकरम आला. "चाची, आज मैं पहला."

"रुक जरा," ती म्हणाली. तिने दुसरी ताटली काढली, मूद मधोमध मोडली, अर्धी त्याला दिली. तो पायरीवर बसून जेवू लागला. उरलेल्या अर्ध्या मुदीपुढे, ज्या जागी बापाने बसायचं होतं त्या जागी, दाराकडे तोंड करून मैना बसली. इथून गल्लीच्या तोंडापर्यंतचा सगळा रस्ता दिसत होता. इतकी वर्षं ताट मांडताना तिची पाठ दाराकडे असायची. बापूस बसला असता तर त्याला काय दिसलं असतं, हे तिने कधी पाहिलंच नव्हतं.

"चाची, नमक है क्या?" अकरमने विचारलं.

तिने मिठाची वाटी पायरीकडे सरकवली, चिमूटभर आपल्या भातावर घातलं, आणि जेवायला लागली.